पल्मनरी रिहॅब केसपेपरवर कसं लिहावं: छातीच्या डॉक्टरांसाठी

सीओपीडीच्या (श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याच्या आजाराच्या) पेशंटला इनहेलर लिहून देताना औषधाचं नाव, मायक्रोग्रॅम, दिवसातून किती वेळा, स्पेसर हवा की नको, सगळं केसपेपरवर येतं. त्याच कागदावर शेवटी 'रोज चालणे, श्वासाचे व्यायाम' एवढ्या एका ओळीत रिहॅब उरकलेलं असतं. किती चालायचं, कोणत्या वेगाने, दम कुठवर लागू द्यायचा, कधी थांबायचं, यातलं काहीच नसतं. पेशंट दोन दिवस चालतो, दम लागतो म्हणून घाबरून बसतो आणि पुढच्या खेपेला 'चालणं जमत नाही' असं सांगतो. चूक त्याची नसते. त्याला डोसच मिळालेला नसतो.

पल्मनरी रिहॅबिलिटेशन, म्हणजे फुप्फुसाच्या पेशंटसाठी मोजूनमापून दिलेला व्यायाम आणि शिक्षण यांचा कार्यक्रम, हे नाव न ऐकलेला छातीचा डॉक्टर आज सापडणं अवघड. नाव माहीत असणं आणि पेशंट प्रत्यक्ष तिथवर पोचणं यात मात्र मोठं अंतर आहे. अमेरिकेतल्या मेडिकेअरच्या (ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या) नोंदींचा एक मोठा अभ्यास २०२० साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. सीओपीडी बळावून भरती झालेल्या १,९७,३७६ जणांपैकी डिस्चार्जनंतर ९० दिवसांच्या आत रिहॅब सुरू केलेले होते २,७२१, म्हणजे दीड टक्क्याच्याही खाली. त्या गटात वर्षभरात ७.३ टक्के मृत्यू झाले, बाकीच्यांत १९.६ टक्के. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. जे रिहॅबला जातात ते मुळातच जरा धडधाकट असतात, हा आक्षेप त्याला लागू पडतो, आणि आकडेशास्त्राने तो जमेल तितका दूर केला तरी पूर्ण पुसला जात नाही. पण व्यायामाची क्षमता आणि जगण्याचा दर्जा यांबद्दल शंकेला जागा उरलेली नाही. चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात ६५ चाचण्या आणि ३,८२२ पेशंट होते आणि सहा मिनिटांच्या चालीत सरासरी सुमारे ४४ मीटरची भर पडली होती. त्यानंतर 'रिहॅब विरुद्ध नेहमीचे उपचार' अशा आणखी चाचण्यांची गरज नाही, असं म्हणून तो आढावाच बंद करण्यात आला.

आधी स्वतःच्या ओपीडीतली दरी मोजा

सीओपीडीचे शेवटचे वीस केसपेपर काढा. चार गोष्टी मोजा: किती जणांचा एमएमआरसी (दम किती लागतो याची ० ते ४ श्रेणी) लिहिलाय, किती जणांना रिहॅबसाठी नाव-तारखेसह चिठ्ठी दिलीय, त्यातले किती पहिल्या तपासणीला पोचले आणि किती जणांनी कार्यक्रम पूर्ण केला. चार आकडे एकाखाली एक लिहिले की गळती कुठे आहे ते लगेच दिसतं. पहिलाच आकडा लहान असेल तर पुढच्या तिन्हींवर डोकं खपवण्यात अर्थ नाही. दम किती लागतो हेच विचारलं जात नसेल, तर रिहॅबची आठवण येणार कशाने?

डॉक्टरांच्या मनात जे अडतं ते बहुतेकदा तीन प्रकारचं असतं. पहिलं, 'रिहॅब म्हणजे श्वासाचे व्यायाम' ही समजूत. यातूनच तीन गोळ्यांचं (श्वास ओढून छोटे चेंडू वर उचलायचं) स्पायरोमीटर हातात देऊन रिहॅब दिल्याचं समाधान मिळतं. ते यंत्र खोल श्वास घ्यायला लावतं आणि ऑपरेशननंतर दिलं जातं. त्याने मांडीचा स्नायू बळकट होत नाही, आणि स्थिर सीओपीडीत तेच यंत्र रिहॅब म्हणून देणं चूक आहे. फुगे फुगवण्याचंही तसंच.

दुसरं, एफईव्ही१ (जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) वाढत नाही म्हणून वाटणारा अविश्वास. एफईव्ही१ खरंच वाढत नाही. फायदा होतो तो पायांत. बसून बसून मांडीच्या स्नायूतले दमदार, ऑक्सिजनवर चालणारे तंतू कमी होतात, म्हणून थोड्या श्रमातही लॅक्टेट चढतं, कार्बन डायऑक्साइड जास्त तयार होतो आणि श्वास वाढवावा लागतो. श्वास भरभर झाला की बाहेर सोडायला वेळ पुरत नाही, हवा आत साठते, छाती फुगलेली राहते आणि दम आणखी चढतो. व्यायामाने स्नायू सुधारला की तेवढ्याच कामाला कमी श्वास पुरतो. म्हणजे पीएफटी (फुप्फुसाच्या क्षमतेची तपासणी) तीच राहते आणि पेशंट जास्त चालतो. मोजायचं ते चाल, दम आणि कॅट स्कोअर (सीओपीडीच्या त्रासाची प्रश्नावली, गुण जास्त तर त्रास जास्त). स्पायरोमेट्रीत रिहॅबचं यश शोधायला गेलं की हाती काही लागत नाही आणि मग विश्वासही बसत नाही.

तिसरं, 'हा फार पुढे गेलाय' किंवा 'हा अजून तेवढा आजारी नाही'. दोन्ही बाजूंनी पेशंट सुटतो.

कोणाला पाठवायचं

एमएमआरसी २ किंवा जास्त, म्हणजे सपाटीवर बरोबरीच्या माणसांच्या मागे पडतो किंवा स्वतःच्या चालीने चालतानाही थांबावं लागतं, असा प्रत्येक जण. एफईव्ही१ची खालची मर्यादा नाही. वयाची नाही. सिगारेट चालू आहे म्हणून नकार देऊ नये. सोडण्याचा सल्ला आणि मदत त्याच कार्यक्रमात देता येते. घरी ऑक्सिजन चालू असलेलेही चालतात.

सीओपीडीपुरतं थांबायचं कारण नाही. आयएलडी (फुप्फुसाच्या ऊतींना सूज येऊन त्या कडक होण्याचे आजार), ब्रॉन्किएक्टॅसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावणं), टीबी बरा झाल्यावर राहिलेलं फुप्फुसाचं नुकसान, औषधं बसून स्थिर झालेलं पल्मनरी हायपरटेन्शन, फुप्फुसाच्या ऑपरेशनआधीची तयारी, या सगळ्यांत रिहॅबला जागा आहे. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत स्थिर सीओपीडी, सीओपीडीच्या भरतीनंतरचा काळ आणि आयएलडी या तिन्हींसाठी शिफारस ठाम आहे. पल्मनरी हायपरटेन्शनसाठी ती सशर्त आहे. आयएलडीच्या पेशंटला मात्र वाट पाहायला लावू नका. आजार पुढे सरकला की चालीत होणारी वाढ हातची जाते.

थांबायचं कुठे, तेही स्पष्ट हवं. अनस्टेबल अँजायना, गेल्या महिन्यातला हार्ट अटॅक, ताबा नसलेली अ‍ॅरिथमिया, लक्षणं देणारा तीव्र एओर्टिक स्टेनोसिस, ताजा पल्मनरी एम्बोलिझम असेल तर आधी त्याचा उपचार. थुंकी पॉझिटिव्ह टीबी असेल तर संसर्ग थांबेपर्यंत ग्रुपमध्ये नको. गुडघेदुखी, पाठदुखी किंवा म्हातारपण ही नकाराची कारणं नाहीत. तिथे व्यायामाचा प्रकार बदलायचा.

पेशंटला सांगताना

संदर्भचिठ्ठी मिळूनही न जाणारे खूप असतात, आणि डॉक्टरने ती कोणत्या सुरात दिली याचा त्यावर मोठा परिणाम होतो. 'वाटलं तर एकदा फिजिओला भेटून या' असं म्हटलं की ते औषधांच्या यादीच्या बाहेर पडतं. त्याऐवजी दोन मिनिटं काढा आणि साधारण असं बोला:

"तुमच्या फुप्फुसाची औषधं चालू आहेत, ती चालू ठेवायची. पण दम वाढलाय त्यात पायांचाही वाटा आहे. पाय कमजोर झालेत, म्हणून थोडं चाललं तरी छातीवर ताण येतो. आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा आमच्यासमोर व्यायाम करायचा. व्यायामात दम लागेल आणि तो लागायलाच हवा. तो किती लागू द्यायचा ते आम्ही मोजून ठरवू. मंगळवारी साडेदहाला या, चालायला सोयीचे बूट घालून."

यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य दम लागण्याबद्दलचं. वर्षानुवर्षं दम लागला की थांबायचं हेच त्या माणसाने शिकलेलं असतं, घरच्यांनीही तेच बजावलेलं असतं. शक्य असेल तर नवरा, बायको, मुलगा, सून, जो कोणी बरोबर आला असेल त्याच्यासमोरच हे सांगा. नाहीतर घरी गेल्यावर 'जाऊ द्या, बसा' सुरू होतं.

त्याला स्वतःला काय करता यायला हवंय तेही विचारा. अंघोळ करून न थांबता कपडे घालता यावेत, दुसऱ्या मजल्यावर चढता यावं, नातवाला शाळेत सोडता यावं. तेच शब्द कागदावर उतरवा. आठ आठवड्यांनी '४० मीटर वाढले' यापेक्षा हे त्याला जास्त कळतं.

सहा मिनिटांची चाल, नीट

सगळा डोस या एका टेस्टवर उभा आहे आणि हीच सगळ्यात हलगर्जीपणे केली जाते. म्हणून जरा तपशिलात.

सपाट, कडक जमिनीचा, ३० मीटरचा सरळ कॉरिडॉर घ्या. दर ३ मीटरला पट्टी, दोन्ही टोकांना खुणेचे शंकू (कोन). कॉरिडॉर लहान असेल तर वळसे वाढतात आणि अंतर कमी भरतं. १५ मीटरवर केलेली टेस्ट पुढच्या वेळी ३० मीटरवर करून तुलना केली, तर न झालेली सुधारणा दिसेल. ट्रेडमिलवर केलेली चालही कॉरिडॉरच्या चालीशी जुळत नाही.

नेहमीचा ब्रॉन्कोडायलेटर (श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध) घेतलेला असावा. सुरुवातीच्या रेषेजवळ खुर्चीत किमान दहा मिनिटं बसवा. या वेळात नाडी, बीपी, सॅच्युरेशन आणि बोर्ग स्केलवर (० ते १०) दम व पायांचा थकवा वेगवेगळा लिहा. बसल्या जागी नाडी १२० च्या वर किंवा बीपी १८०/१०० च्या वर असेल तर आज टेस्ट नको. वॉर्म-अप करायचा नाही. काठी किंवा वॉकर नेहमी वापरत असेल तर तो घेऊन चालू द्या. ऑक्सिजन चालू असेल तर नेहमीच्याच फ्लोवर ठेवा. सिलिंडर पेशंट स्वतः ओढतो की मदतनीस, हेही लिहून ठेवा, कारण पुढच्या वेळी तसंच करावं लागेल.

सूचना एकच: सहा मिनिटांत जास्तीत जास्त अंतर चालायचं, पळायचं नाही, लागलं तर थांबायचं आणि जमेल तसं पुन्हा निघायचं. टेस्ट घेणाऱ्याने बरोबरीने चालू नये. सोबत चाललं की पेशंट त्याच्या वेगाने चालतो. दर मिनिटाला ठरलेलं वाक्य, ठरलेल्या आवाजात: "छान चाललंय. अजून पाच मिनिटं आहेत." "असंच चालत राहा. चार मिनिटं उरली." जास्तीचा उत्साह दाखवला की अंतर वाढतं, गप्प राहिलं की घटतं. म्हणून दोन वेगळ्या माणसांनी घेतलेल्या टेस्टमध्ये शब्दही सारखे हवेत.

पेशंट मध्ये थांबला तरी घड्याळ थांबवायचं नाही. सॅच्युरेशन ८० च्या खाली गेलं, छातीत दुखलं, तोल जायला लागला, घामाने भिजून चेहरा पांढरा पडला, तर टेस्ट थांबवा आणि खुर्ची तिथेच आणा. पेशंटला खुर्चीपर्यंत चालवत नेऊ नका. थांबवण्याचं कारण फक्त सॅच्युरेशन असेल आणि ते ८५ च्या वर आलं, तर उरलेल्या वेळेत पुन्हा चालू देता येतं.

ऑक्सिमीटर शेवटीच लावू नका, संपूर्ण चालीत ठेवा. सगळ्यात खालचा आकडा कधीकधी मधेच कुठेतरी येऊन जातो. थंड बोटं, नखांवरचा रंग, वॉकर घट्ट पकडलेली मूठ यांनी आकडा चुकतो. स्क्रीनवरची नाडी आणि हाताने मोजलेली नाडी जुळत नसेल तर सॅच्युरेशनवरही विश्वास ठेवू नका. गडद त्वचेत ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो. सीमेवरच्या आकड्यांवर ऑक्सिजनचा निर्णय घ्यायचा असेल तर एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) करा.

टेस्ट दोनदा करायची, मध्ये किमान अर्धा तास. दुसऱ्यांदा अंतर वाढतं ते केवळ सवयीमुळे. दोन्हींतलं जास्त अंतर धरा. हे टाळलं तर रिहॅबनंतरच्या वाढीत सवयीची वाढ मिसळते. साधारण ३० मीटरचा फरक पेशंटला जाणवण्याजोगा मानतात.

कॉरिडॉर नसेलच, तर एका मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता-बसता येतं ते मोजा. बिनहाताची, साधारण ४६ सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून, हात न वापरता. तीन वेळांचा फरक अर्थपूर्ण धरतात. इथे सॅच्युरेशन बरेचदा टेस्ट संपल्यावर खाली येतं, म्हणून प्रोब लगेच काढू नका.

डोस काढणं

नमुना घेऊ. पेशंट सहा मिनिटांत २७० मीटर चालला, म्हणजे मिनिटाला ४५ मीटर, ताशी २.७ किलोमीटर. सुरुवात याच्या ८० टक्क्यांवर: मिनिटाला ३६ मीटर. दहा मिनिटांत ३६० मीटर, म्हणजे ३० मीटरच्या कॉरिडॉरमध्ये सहा वेळा जाऊन-येऊन. ट्रेडमिलवर ताशी २.२ किलोमीटर. केसपेपरवर एवढंच लिहिलं तरी फिजिओच्या हातात काहीतरी ठोस पडतं.

पहिल्या आठवड्यात सलग दहा मिनिटं जमत नसेल तर तुकडे करा. एक मिनिट चाल, एक मिनिट विश्रांती. त्याहून कमजोर असेल तर तीस-तीस सेकंद. एकूण काम तेवढंच होतं, दम मात्र कमी चढतो. आधी वेळ वाढवायची, २० ते ३० मिनिटांपर्यंत, मग वेग. दोन्ही एकदम वाढवलं की तिसऱ्या आठवड्यात गुडघा धरतो आणि पेशंट गायब होतो.

तीव्रतेचा काटा म्हणजे बोर्ग ४ ते ६, दम किंवा पायांचा थकवा यांपैकी जे आधी येईल ते. नाडीवर ठरवू नका. बीटा ब्लॉकर चालू असलेल्याची नाडी चढत नाही, ब्रॉन्कोडायलेटर घेतलेल्याची बसल्या जागीच चढलेली असते. पेशंट प्रत्येक वेळी बोर्ग २ सांगत असेल तर डोस कमी पडतोय. रिहॅब करूनही फरक पडला नाही अशी तक्रार येते त्यातल्या बऱ्याच जणांना आठही आठवडे पहिल्याच दिवसाचा वेग दिलेला असतो.

कार्यक्रम सहा ते आठ आठवड्यांचा, आठवड्यातून किमान दोन सत्रं देखरेखीखाली आणि बाकी दिवशी घरी चाल. ब्रॉन्कोडायलेटर व्यायामाच्या १५-२० मिनिटं आधी. हे सांगावंच लागतं, नाहीतर पंप पिशवीतच राहतो.

ताकदीचा व्यायाम वगळू नका. खुर्चीतून उठणं-बसणं, पायरी चढणं, पायाला वजन बांधून गुडघा सरळ करणं, खांद्यासाठी डंबेल किंवा इलॅस्टिक बँड. ८ ते १२ वेळा केल्यावर स्नायू थकेल एवढं वजन, एक ते तीन सेट, आठवड्यातून दोन-तीन दिवस. सलग दोन सत्रांत ठरल्यापेक्षा एक-दोन वेळा जास्त जमलं की वजन वाढवा. उचलताना श्वास सोडायचा, कोंडून धरायचा नाही. लांबवर स्टिरॉइड घेतलेल्यांची हाडं ठिसूळ असतात, त्यांना कमरेत वाकून वजन उचलायला लावू नका.

श्वासाचे स्नायू बळकट करणारं यंत्र प्रत्येकाला लागत नाही. श्वास आत घेण्याची ताकद मोजून कमी निघाली, पीआयमॅक्स (श्वास ओढताना तयार होणारा कमाल दाब) ६० सेंटिमीटर पाण्याच्या खाली, तर त्याच्या ३० टक्के रोधाने सुरू करता येतं. चाल आणि ताकद सोडून हे एकटंच देणं म्हणजे तीन गोळ्यांच्या यंत्राचीच महाग आवृत्ती.

ऑक्सिजनचं काय

चालताना सॅच्युरेशन पडतं म्हणून रिहॅब नाकारणं ही सर्रास होणारी गोष्ट, आणि ज्यांना गरज जास्त तेच यात बाहेर राहतात. व्यायामात आकडा ८८ च्या वर राखायचा. पडला तर क्रमाने: वेग कमी, मग तुकडे, मग ओठांचा चंबू करून श्वास, मग ऑक्सिजन. फ्लो चालवून ठरवा, बसवून नव्हे. बसून २ लिटरवर ९५ दिसणारा माणूस चालताना ८५ वर येऊ शकतो. कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्यांना ९८ पर्यंत नेण्याची गरज नाही, ८८ ते ९२ पुरे. घरी ऑक्सिजन नसलेल्या पण चालताना सॅच्युरेशन पडणाऱ्या सीओपीडी पेशंटमध्ये व्यायामावेळी ऑक्सिजन विरुद्ध साधी हवा अशी तुलना झाली आहे. दोन्ही गट सुधारले, ऑक्सिजनने जास्तीचा फायदा दिसला नाही. तेव्हा पोर्टेबल सिलिंडर मिळत नाही म्हणून सगळा कार्यक्रमच अडवून ठेवू नका. आयएलडीत आकडा झपाट्याने पडतो, तिथे हात राखून, तुकड्यांमध्ये आणि ऑक्सिजन जवळ ठेवून.

जवळ सेंटर नसेल तर

सेंटर म्हटलं की जिमची यंत्रं डोळ्यांसमोर येतात. लागतं ते याहून बरंच कमी: कॉरिडॉर, दोन कोन, मोजपट्टी, स्टॉपवॉच, ऑक्सिमीटर, बीपीचं यंत्र, पक्की खुर्ची, पायरी, अर्धा ते पाच किलोची वजनं किंवा बँड, पेशंटला वाचता येईल अशा भाषेत मोठ्या अक्षरात छापलेलं बोर्ग स्केल. त्याशिवाय ऑक्सिजन सिलिंडर, स्पेसरसह साल्ब्युटामॉल आणि हाताशी डिफिब्रिलेटर. या तिन्हींवर तडजोड नाही. एका प्रशिक्षित माणसाने व्यायामावेळी एकदम चार ते आठ पेशंट सांभाळावेत. ऑक्सिजनवरचे जास्त असतील तर चारच. आठवड्यातून दोन दुपारी ओपीडी रिकामी असताना एवढ्यावर काम सुरू होतं.

तेही शक्य नसेल तर घरचा कार्यक्रम. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत, जी २०१७ साली 'थोरॅक्स'मध्ये आली, घरी एकच भेट आणि नंतर आठवड्याला एक असे सात फोन एवढ्यावर आठ आठवड्यांचा कार्यक्रम चालवला. शेवटी मोजलेली चाल सेंटरवाल्यांपेक्षा कमी भरली नाही. यातली ग्यानबाची मेख फोनमध्ये आहे. नुसता छापील कागद देऊन पाठवलं तर तो घडी घालून कपाटात जातो. फोनवर 'कसं चाललंय' विचारू नका. कोणत्या दिवशी किती मिनिटं, बोर्ग किती, न जमण्याचं कारण काय, पुढच्या आठवड्यात किती, हे चार प्रश्न पुरेत. पहिली टेस्ट मात्र समोरच घ्या. चालताना सॅच्युरेशन खूप पडतं, वरचेवर तोल जातो किंवा हृदयाचा आजार डळमळीत आहे, अशांना देखरेखीशिवाय घरी सोडू नका.

चिठ्ठीत काय लिहायचं

फिजिओला 'चेस्ट फिजिओथेरपी द्या' अशी चिठ्ठी गेली की तो पाठीवर थापट्या मारून कफ काढून देतो. त्याने सांगितलं तेच केलं. नमुना असा:

"सीओपीडी, एफईव्ही१ अपेक्षितच्या ४२ टक्के. एमएमआरसी ३, कॅट २२. तीन आठवड्यांपूर्वी डिस्चार्ज. सहा मिनिटांत २७० मीटर, सॅच्युरेशन ९४ वरून ८६, बोर्ग दम ६, पाय ५. चालताना २ लिटरवर ९० टिकतं. बीटा ब्लॉकर चालू, नाडीवर तीव्रता ठरवू नये. उजवा गुडघा दुखतो. हवं ते: सहनशक्ती आणि ताकद दोन्हींचा व्यायाम, ८ आठवडे, आठवड्यातून दोनदा. सुरुवात मिनिटाला ३६ मीटर, बोर्ग ४ ते ६. ८८ च्या खाली गेल्यास वेग कमी. छातीत दुखल्यास थांबवून कळवावे. पेशंटचं ध्येय: दुसऱ्या मजल्यावर एकदाच थांबून चढणं. चौथ्या आठवड्यात फोन, आठव्यात पुन्हा टेस्ट."

याच कार्यक्रमात इनहेलरचं तंत्र, कफ बाहेर काढणं, आजार बळावल्याची पहिली लक्षणं आणि तेव्हा काय घ्यायचं, वजन घटत असेल तर आहारतज्ज्ञ, भीती-उदासी असेल तर समुपदेशन हे बसवा. इनहेलर दर आठवड्याला समोर घ्यायला लावा. एकदा बरोबर घेतला म्हणजे कायम बरोबर घेतला जातो असं नाही.

डिस्चार्जच्या दिवशी

भरती हा पेशंट हातात असण्याचा क्षण. डिस्चार्ज कार्डावर 'रिहॅबचा सल्ला दिला' असं न लिहिता तारीख, वेळ आणि कुणाला भेटायचं ते नाव लिहा. डिस्चार्जनंतर तीन-चार आठवड्यांच्या आत सुरुवात व्हावी. वॉर्डात असतानाच पूर्ण जोमाचा कार्यक्रम सुरू करायचा मोह आवरा. भरतीच्या पहिल्या ४८ तासांत सुरू केलेल्या अशा कार्यक्रमाच्या एका ब्रिटिश चाचणीत पुन्हा भरती होण्याचं प्रमाण घटलं नाही आणि वर्षभरातले मृत्यू उलट जास्त निघाले. २०१७ च्या युरोपियन-अमेरिकन मार्गदर्शिकेनेही भरतीत सुरू न करता घरी गेल्यावर लगेच सुरू करावं असंच सुचवलं आहे. वॉर्डात पलंगावरून उठवणं, खुर्चीत बसवणं, टॉयलेटपर्यंत चालवणं चालूच ठेवा. ते वेगळं.

गळती आणि नंतर

पहिल्या दोन आठवड्यांत येणं बंद करणारे सगळ्यात जास्त. सत्र चुकलं की त्याच दिवशी फोन करा, आठवडा जाऊ देऊ नका. बहुतेक वेळा कारण प्रवासाचं, सोबत यायला माणूस नसल्याचं किंवा मध्येच सर्दी-खोकला झाल्याचं निघतं. बळावून गेलेला आजार ओसरल्यावर सोडलं होतं तिथूनच सुरू करायला लावू नका. निम्म्या वेळेवर आणा आणि दोन-तीन सत्रांत पूर्ववत करा. चार आठवड्यांहून जास्त खंड पडला असेल तर नव्याने टेस्ट घेऊन डोस पुन्हा काढा.

मिळालेला फायदा काही न केल्यास सहा ते बारा महिन्यांत ओसरत जातो. म्हणून आठव्या आठवड्याच्या शेवटच्या सत्रातच घरचा पुढचा कार्यक्रम लिहून द्या: शेवटच्या टेस्टवरून काढलेला चालण्याचा वेग, आठवड्याचे दिवस, उठण्या-बसण्याचे सेट. पुढच्या प्रत्येक ओपीडीत बीपीसारखाच एका मिनिटाचा उठ-बस आकडा आणि कॅट लिहीत चला. उठ-बस तीनने घटली किंवा कॅट दोनने वाढला, तर आधी इनहेलर आणि नवा आजार तपासा. तिथे काही सापडलं नाही तर पुन्हा रिहॅबची चिठ्ठी द्या. पेशंट नव्याने भरती होऊन गेला असेल तर आकड्यांची वाट न बघता द्या, वर्षभरापूर्वी पूर्ण केलेलं असलं तरी.